महाराजांचं आजोळ पडद्यावर का येत नाही?

गेल्या काही वर्षांत गाजलेल्या शिवकालीन सिनेमांतल्या जिजाऊ आठवून पाहा. डोक्यावर पदर, ताठ मान, मागे दगडी कमान. त्या धीर देतात, आशीर्वाद देतात, एखादं ठाम वाक्य बोलतात आणि कॅमेरा मावळ्यांकडे वळतो. यात चुकीचं काही नाही. अफझलखान मारला गेला ते साल १६५९, घोडखिंड १६६०, कोंढाणा १६७०. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८चा धरला, तर या तीन प्रसंगी त्यांचं वय ६१, ६२ आणि ७२ भरतं. पडद्यावर उतारवयातल्याच जिजाऊ दिसणार.

माझा प्रश्न त्याआधीच्या साठ वर्षांचा आहे. ती वर्षं आमच्याकडे सुरू होतात.

मी बुलढाणा जिल्ह्यातला. इंजिनिअरिंग संपवून पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलो. इथे कोणी गाव विचारलं आणि मी ‘बुलढाणा’ म्हटलं, की समोरचा म्हणतो, ‘अच्छा, लोणार!’ किंवा ‘शेगाव ना?’ सिंदखेडराजाचं नाव फार कमी जण घेतात. आमच्याकडे मात्र जिजाऊ आधी लेक आहेत, माता नंतर. माझी आजी महाराजांची तसबीर पुसताना म्हणायची, “भाचा हाये आपला.” सगळ्या महाराष्ट्राचे जे राजे, ते आमचे भाचे. आजोळाला असला हक्क असतोच.

तर या आजोळाच्या माणसाने गेल्या काही महिन्यांत सहा ऐतिहासिक सिनेमे पाहिले, काही दुसऱ्यांदा. ‘शेर शिवराज’, ‘पावनखिंड’, ‘तान्हाजी’, ‘छावा’, ‘बाजीराव मस्तानी’ आणि ‘पानिपत’. ते कधी प्रदर्शित झाले ते बाजूला ठेवून, त्यांतल्या घटना ज्या सालांत घडल्या त्या क्रमाने पाहिले. नोकरीच्या सवयीने एक एक्सेल शीट उघडली. पहिला रकाना सिनेमाचा, दुसरा सालाचा आणि तिसरा एका प्रश्नाचा: ‘समोरच्या फौजेत आपल्या नात्यातलं कोण होतं?’ हा तिसरा रकाना मला सिंदखेडराजाने शिकवला. कसा, ते आधी सांगतो.

देवगिरीवरचे चार खून

लखुजी जाधव म्हणजे जिजाऊंचे वडील. सिंदखेडचे देशमुख, अहमदनगरच्या निजामशाहीचे बडे सरदार. घराणं देवगिरीच्या यादवांशी नातं सांगणारं. त्यांचे व्याही मालोजी भोसलेही निजामशाहीतलेच. म्हणजे जिजाऊ आणि शहाजीराजे यांचं लग्न एकाच दरबारातल्या दोन घराण्यांमधलं.

पुढे ही दोन घराणी एका बाजूला राहिली नाहीत. बखरींत खंडागळ्यांच्या हत्तीची गोष्ट येते. हत्ती बिथरला, त्याला आवरताना जाधव आणि भोसले एकमेकांवर धावून गेले आणि त्यात जिजाऊंचा भाऊ दत्ताजी मारला गेला. लगेच शहाजीराजांचा चुलतभाऊ संभाजीही पडला. सासर आणि माहेर यांच्यात एकाच दिवसात रक्त सांडलं. त्यानंतर १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीची मोठी लढाई झाली. शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने, म्हणजे निजामशाहीकडून लढले. समोर आदिलशाही आणि मुघल अशी जोडफौज होती आणि मुघलांकडे होते लखुजी जाधव. सासरा एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला.

लखुजी नंतर पुन्हा निजामशाहीत परतले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यावर, निजामशहाच्या दरबारात, त्यांचा खून झाला. सोबत मुलगे अचलोजी आणि रघुजी, आणि नातू यशवंतराव. दौलताबाद म्हणजेच देवगिरी. ज्या गडावरच्या राजघराण्याशी नातं सांगायचं, त्याच गडावर एका दिवसात तीन पिढ्या कापल्या गेल्या.

आता दुसरी तारीख पाहा. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०, शिवनेरीवर. मधलं अंतर सात महिन्यांहून कमी. वडील, दोन भाऊ आणि भाचा एका दिवशी गेल्याची बातमी आली, तेव्हा जिजाऊंच्या पोटात महाराज होते.

या खुनानंतर शहाजीराजांनी निजामशाही सोडली आणि ते मुघलांकडे गेले. लखुजींच्या मागे राहिलेले जाधवही मुघलांच्या आश्रयाला गेले. काही वर्षांतच शहाजीराजे परत फिरले आणि ज्या निजामशाहीने सासऱ्याला मारलं होतं, तिच्याच एका लहान वारसाला गादीवर बसवून त्यांनी १६३६पर्यंत तिचा कारभार रेटला.

वाचताना गोंधळ उडाला असेल. मलाही हे नीट लावायला कागदावर बाण काढावे लागले. पण हा गोंधळ हीच त्या काळाची रीत होती. सुलतानाला घोडेस्वार हवे असत आणि ते सरदार उभे करी. त्यांचा खर्च सरदाराला मिळालेल्या जहागिरीच्या वसुलीतून निघे. जहागीर गेली की स्वार गेले, आणि स्वार गेले की सरदाराला कोणी विचारत नसे. आमच्या धंद्यात एखादा टीम लीड कंपनी बदलतो तेव्हा अख्खी टीम घेऊन जातो, तसं. फरक इतकाच की इथे राजीनामा नामंजूर झाला तर मुंडकं जायचं. त्यामुळे चाकरी बदलणं हा व्यवहार होता, वतन टिकवणं हा धर्म होता आणि एकाच घरातली माणसं दोन छावण्यांत असणं ही रोजची गोष्ट होती.

शिवाजी महाराजांनी केलं ते या पार्श्वभूमीवर पाहिलं की त्याचं मोल कळतं. दुसऱ्याच्या दरबारात जहागीर मागत फिरण्याची ही साखळीच त्यांनी तोडायला घेतली. ती साखळी काय असते हे जिजाऊंनी माहेर गमावून पाहिलं होतं.

आता ही शीट घेऊन सिनेमांकडे येतो.

तीन गड, तीन खलनायक

‘शेर शिवराज’ (२०२२) हा दिग्पाल लांजेकर यांचा अफझलखान वधावरचा सिनेमा. चिन्मय मांडलेकर महाराज, मृणाल कुलकर्णी जिजाऊ, मुकेश ऋषी अफझलखान. मला यातली भेटीच्या आधीची तयारी आवडली. जावळीचं रान, वकिलांची ये-जा, खानाला हळूहळू हव्या त्या जागी ओढून आणणं. लढाई डोक्यात आधी जिंकली जाते हे सिनेमा दाखवतो. खटकलं ते खानाचं चित्रण. तो पडद्यावर आला की पार्श्वसंगीतच सांगतं की हा राक्षस आहे. मग त्याच्याविरुद्ध डावपेच लढवणाऱ्या माणसाची बुद्धी थोडी स्वस्त होते. राक्षसाला मारायला शक्ती पुरते. खान कसलेला, अनुभवी सेनापती होता म्हणून तर युक्ती लागली.

तिसऱ्या रकान्यात काय भरलं? खानाच्या फौजेत मंबाजी भोसले होते, महाराजांच्या भाऊबंदांपैकी. खंडोजी खोपडे होते. आणि महाराजांच्या मोजक्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता. म्हणजे प्रतापगडाच्या पायथ्याशी धर्माने दोन रांगा लावायला गेलं, तर दोन्हीकडे माणसं जागा सोडून उभी दिसतात.

‘पावनखिंड’ (२०२२) मला याच दिग्दर्शकाच्या सिनेमांत सर्वांत जास्त आवडला. अजय पूरकरांचे बाजीप्रभू आणि त्यांच्यामागे असलेले बांदल. एका माणसाच्या पराक्रमाची गोष्ट एका समूहाला परत देणं हे अवघड काम या सिनेमाने केलं. बाजीप्रभू मुळात बांदलांचे, आणि बांदल एके काळी महाराजांच्या विरोधात होते. विरोधातली माणसं तीनशे जणांच्या त्या खिंडीपर्यंत कशी आली, हाच खरा चमत्कार आहे. तिसऱ्या रकान्यात इथेही नावं आहेत. महाराज ज्या विशाळगडाकडे धावत होते, त्याला वेढा घालून बसलेले सरदार होते सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी.

‘तान्हाजी’ (२०२०) हिंदी, ओम राऊत यांचा. पडद्यावर भव्य दिसतो, कड्यावरची दृश्यं थरारक आहेत आणि अजय देवगण यांचा तान्हाजी लोकांनी डोक्यावर घेतला. पण सैफ अली खान यांचा उदयभान मगर भाजून खातो, तिथे मी सिनेमातून बाहेर पडलो. उदयभान राठोड हा राजपूत किल्लेदार होता, मुघलांच्या चाकरीतला. लखुजी जाधव काही काळ ज्या चाकरीत होते, तीच ही चाकरी. कोंढाण्यावर त्या रात्री जे दोघं एकमेकांसमोर मेले, ते दोघंही आपापल्या धन्याशी इमान राखून मेले. ही शोकांतिका होती. मगरीच्या एका तुकड्याने ती सोपी करून टाकली.

याच कोंढाण्यावर १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ हा मूकपट काढला होता, हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरून. त्यात शेलारमामांचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. म्हणजे हा गड मराठी माणूस शंभर वर्षं पडद्यावर जिंकतो आहे. सिंदखेडचा वाडा मात्र मोठ्या पडद्यावर क्वचितच उभा राहिला. ‘राजमाता जिजाऊ’ नावाचा स्वतंत्र सिनेमा २०११ साली येऊन गेला. २०१९ साली सुरू झालेल्या ‘स्वराज्यजननी जिजामाता’ या मालिकेने लहानपणापासूनच्या जिजाऊ दाखवल्या. मालिकेला शेकडो भागांची सवड असते. गर्दी खेचणाऱ्या मोठ्या बजेटच्या सिनेमाला ही गोष्ट अजून हवीशी वाटलेली नाही.

‘छावा’ आणि फितुरी नावाचा शब्द

‘छावा’ (२०२५) मी थिएटरमध्ये पाहिला. लक्ष्मण उतेकरांचं दिग्दर्शन, विकी कौशल संभाजी महाराज, अक्षय खन्ना औरंगजेब. शेवटच्या अर्ध्या तासात थिएटरात कुणी पॉपकॉर्न खाल्लं नाही. शेजारचा माणूस हुंदके देत होता आणि मीही काही कोरडा नव्हतो. या सिनेमाने एक अन्याय दूर केला, हे मान्य करायलाच हवं. व्यसनी, बेजबाबदार राजपुत्र ही संभाजी महाराजांची प्रतिमा मराठी नाटक-कादंबऱ्यांनीच कितीतरी वर्षं वागवली. ती आता देशभरातल्या प्रेक्षकांच्या मनातून निघाली.

पण इथे माझा तिसरा रकाना पहिल्यांदाच सिनेमाच्या आतून भरला गेला, आणि तिथेच मी अडखळलो. सिनेमात संभाजी महाराजांना पकडून देण्यामागे गणोजी आणि कान्होजी शिर्के आहेत, म्हणजे येसूबाईंच्या माहेरचे लोक. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. वाद ऐतिहासिक पुराव्याचा आहे, तो अभ्यासकांनी सोडवावा. मला येसूबाईंचा प्रश्न पडतो. नवरा आणि भाऊ यांच्यामध्ये वतनाचा वाद पेटलेला असताना ही बाई कशी जगली असेल? तिच्या सासूच्या सासूने, म्हणजे जिजाऊंनी, हेच भोगलं होतं. जाधव विरुद्ध भोसले, शिर्के विरुद्ध भोसले. हा धागा कुणी ओढला असता तर येसूबाईंची भूमिका ओवाळणीच्या ताटापलीकडे गेली असती.

सिनेमाकडे या सगळ्यासाठी एकच शब्द आहे, फितुरी. फितुरी होतीच, मी ती नाकारत नाही. पण त्या शब्दाने लखुजी जाधव मोजायला गेलं, तर महाराजांचे आजोबाही फितूर ठरतात आणि काही वर्षांसाठी वडीलही. तिथे आपण गप्प बसतो. मग तोच शब्द दुसऱ्या एखाद्या आडनावावर इतक्या सहज का चिकटवतो?

साखरखेर्ड्याची लढाई, ‘बाजीराव मस्तानी’त नसलेली

संजय लीला भन्साळींच्या ‘बाजीराव मस्तानी’बद्दल (२०१५) सगळं बोलून झालंय. पिंगा, आरसे, काशीबाईंचं नाचणं. मला रणवीर सिंहचा बाजीराव आवडतो, कारण तो घाईत असलेला माणूस वाटतो, आणि बाजीराव घाईतच होता. चाळिसाव्या वर्षी रावेरखेडीला संपला. या सिनेमात निजाम आहे, रझा मुराद यांनी केलेला, जाडजूड आवाजाचा, कायमचा शत्रू.

आता आमच्या जिल्ह्यात या. सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचं गाव आहे. १७२४च्या ऑक्टोबरमध्ये तिथे एक लढाई झाली. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला दिल्लीच्या बादशहाने त्याला आवरायला उभा केलेला मुबारिझखान. दोघंही मुघल सरदारच. आणि चोवीस वर्षांचा बाजीराव पेशवा निजामाच्या बाजूने होता. मुबारिझखान मारला गेला, निजाम जिंकला आणि साखरखेर्ड्याचं नाव त्याने फत्तेखेर्डा ठेवलं. हैदराबाद संस्थान इथून सुरू झालं, ते १९४८पर्यंत टिकलं. ज्या राज्याविरुद्ध मराठवाड्याने मुक्तिसंग्राम केला, त्याची पायाभरणी आमच्या एका खेड्याच्या शिवारात झाली. निजामाने वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या हवाली केला, तरी त्यावरचा नावापुरता हक्क सोडला नाही. विसाव्या शतकातसुद्धा त्याच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब होता.

साडेतीन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १७२८मध्ये, त्याच बाजीरावाने पालखेडला त्याच निजामाला कोंडीत पकडून नमवलं. सिनेमाच्या दृष्टीने पालखेड सोपं आहे. साखरखेर्डा अवघड. दोस्त म्हणून ज्याची लढण्याची पद्धत जवळून पाहिली, त्याच माणसाला पुढे शत्रू म्हणून हरवायचं, हे किती मोठं नाट्य आहे! पण त्यासाठी प्रेक्षकाला आधी सांगावं लागतं की बाजीराव आणि निजाम एकाच बाजूला होते. ते सांगायची हिंमत कुणी करत नाही.

‘पानिपत’च्या तीन वर्षं आधी

आशुतोष गोवारीकरांचा ‘पानिपत’ (२०१९) चालला नाही. संजय दत्तचा अब्दाली लोकांना भावला, अर्जुन कपूरचा सदाशिवराव भाऊ फारसा नाही. लांबी जास्त आहे हे खरंच. तरी माझ्या शीटमध्ये या सिनेमाला सर्वांत जास्त गुण मिळाले, आणि ते इब्राहिमखान गारद्यामुळे. हा तोफखान्याचा माणूस आधी निजामाच्या चाकरीत होता, मग भाऊंकडे आला आणि पानिपतावर शेवटपर्यंत राहिला. सिनेमा त्याला बदलू देतो, आणि बदलल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवतो. भाऊ आणि गारदी यांच्यामधला तो विश्वास मला सगळ्या तलवारबाजीपेक्षा जास्त लक्षात राहिला.

पण आजोळाचा माणूस म्हणून मला आणखी तीन वर्षं मागे जायचं आहे. पानिपत जानेवारी १७६१चं. डिसेंबर १७५७मध्ये मराठ्यांची फौज खुद्द सिंदखेडवर चालून आली होती. नावाला प्रमुख पेशव्यांचा किशोरवयीन मुलगा विश्वासराव, सोबत दत्ताजी शिंदे. म्हणजे पुढे उत्तरेत जे दोघं इतिहास होऊन गेले, तेच. आणि समोर सिंदखेडमध्ये अडकलेला निजामाचा सरदार कोण? रामचंद्र जाधव. धनाजी जाधवांचा नातू, लखुजींच्याच घराण्यातला. त्याला सोडवायला निजामअली धावून आला, लढाई झाली, मराठे जिंकले आणि निजामाला पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग द्यावा लागला.

धनाजी जाधव म्हणजे तेच, ज्यांचं नाव संताजींच्या जोडीने घेतलं जातं. ‘छावा’तही ते आहेत. त्यांचा मुलगा चंद्रसेन भांडून निजामाकडे गेला आणि त्याचा मुलगा रामचंद्र तिथेच राहिला. जिजाऊंच्या माहेरगावावर मराठी फौजेने केलेला हल्ला, आणि गाव राखणारा जिजाऊंच्याच घराण्यातला जाधव. ही लढाई कुठल्या बाजूने बघायची? मी सिंदखेडच्या बाजूने बघतो आणि तिथून मला दोन्हीकडे आपलीच माणसं दिसतात.

प्रत्येक काळाचा आपला खलनायक

ऐतिहासिक सिनेमा ज्या साली निघतो त्या सालाबद्दलही बोलत असतो. प्रभात कंपनीचा मूकपट ‘उदयकाल’ १९३०चा. त्यात शिवाजी महाराज स्वतः व्ही. शांताराम झाले होते. या सिनेमाचं नाव आधी ‘स्वराज्य तोरण’ होतं. मिठाच्या सत्याग्रहाचं साल होतं ते. ‘स्वराज्य’ हा शब्द इंग्रजांच्या सेन्सॉरला झेपला नाही आणि नाव बदलावं लागलं. तेव्हाच्या प्रेक्षकाला पडद्यावर आदिलशाही दिसत होती आणि समजत होते इंग्रज. खलनायक म्हणून तेव्हा ते सरकार पुरेसं होतं.

आताच्या सिनेमांतला खलनायक कोण, आणि प्रेक्षकाला काय समजतं, हे २०२५च्या मार्चमध्ये दिसलं. ‘छावा’ थिएटरात चालू होता. औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरात दंगल झाली, संचारबंदी लागली आणि मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत बोलताना या सिनेमाचा उल्लेख केला. त्याच महिन्यात सातपुड्यापलीकडे, आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री टॉर्च घेऊन खणू लागले. सिनेमात बुऱ्हाणपूरच्या मुघल खजिन्याची लूट दाखवली होती. लोकांना वाटलं, सोनं अजून मातीत आहे.

दुसऱ्या बातमीला आम्ही मित्र ग्रुपवर पोट धरून हसलो होतो. नंतर जाणवलं की दोन्ही बातम्या एकाच जातीच्या आहेत. सिनेमा इतिहास आहे असं मानून कुणी खजिना शोधायला जातो, कुणी शत्रू शोधायला. खजिना सापडत नाही हे चार खड्ड्यांनंतर कळतं. शत्रू मात्र हवा तिथे सापडतो, शेजारच्या गल्लीतसुद्धा.

मार्च म्हणजे होळीचा महिना. आमच्या जिल्ह्यात सैलानीबाबांचा दर्गा आहे. होळीच्या वेळी तिथे मोठी यात्रा भरते आणि नारळांची होळी पेटते. दर्ग्यावर होळी! यात्रेला येणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती हे कुणी मोजत नाही, कारण नवस बोलताना ते आठवत नाही. ज्या मुलुखात लखुजी निजामशाहीतून मुघलांकडे आणि मुघलांकडून परत येत होते, जिथे बाजीराव निजामाच्या बाजूने उभा होता, तिथे हे नवल नाही. इथे माणसं शतकानुशतकं सरमिसळ होऊन लढली आणि सरमिसळ होऊनच जगली. दोन रंगांचा सिनेमा या गावांना लागू पडत नाही. पण पोरांच्या मोबाइलवर मात्र तोच सिनेमा तीस-तीस सेकंदांच्या रील्समध्ये कापून येतो, आणि त्यात उरलेलं एखादं सावलीचं दृश्यसुद्धा गळून पडतं.

मला ऐतिहासिक सिनेमे आवडतात. पुढचा आला की पहिल्या आठवड्यात तिकीट काढणार. फक्त मला त्यात नाती दिसायला हवी आहेत.

मला पाहायचा असलेला सिनेमा

निर्मात्यांची अडचण मला कळते. लखुजींच्या गोष्टीत शेवटी जिंकतं कोण? ज्याने खून केला त्याच दरबाराला जावई पुढे आधार देतो, हे मध्यंतरानंतर प्रेक्षकाला कसं पटवायचं? नायक तीनदा बाजू बदलतो, तर टाळी कुठे वाजणार? पण ही अडचण पटकथेची आहे. इतिहासात नाट्याला काही कमी नाही.

उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा सिंदखेडराजाला जाऊन आलो. समृद्धी महामार्गाला सिंदखेडराजाजवळ उतरण्याची सोय आहे, पण बहुतेक गाड्या ताशी १२०च्या वेगाने पुढे निघून जातात. गावात वाडा आहे, जिजाऊ आणि शहाजीराजे लहानपणी रंग खेळले असं सांगतात तो रंगमहाल आहे, पुतळा बारव आहे, मोती तलाव आहे. आणि लखुजींची भलीमोठी समाधी आहे. २०२४च्या जून महिन्यात पुरातत्त्व खात्याचं काम चालू असताना या समाधीच्या परिसरात जमिनीखाली जुन्या मंदिराचे अवशेष लागले आणि आणखी खणल्यावर शेषशायी विष्णूची सुमारे पावणेदोन मीटर लांबीची मूर्ती मिळाली. असीरगडाजवळ शेतं उकरून जे सापडलं नाही, ते इथे नीट, थर मोजत खणणाऱ्यांना सापडलं.

समाधीच्या सावलीत बसून मी मोबाइलवर त्या सिनेमाचा आराखडा लिहिला. काळ फक्त सात महिन्यांचा. २५ जुलै १६२९ ते १९ फेब्रुवारी १६३०. देवगिरीवरचा दरबार फक्त पहिल्या दहा मिनिटांत. मग बातमी घेऊन धावणारा जासूद, सिंदखेडच्या वाड्यातला आकांत, जाधवांची मुघलांकडे जाण्याची घाई, शहाजीराजांचा निर्णय, आणि मध्ये एक गरोदर बाई. सासरचा दरबार आणि माहेरचा खुनी एकच. पुढे दख्खनमध्ये १६३०चा भयंकर दुष्काळ येतो आहे, त्याची चाहूल. शेवट शिवनेरीवर, बाळाच्या रडण्यावर. लढाई एकही नाही.

औरंगजेब नाही, अफझलखान नाही, मगर तर नाहीच. आणि पहिल्याच दृश्यात जिजाऊ एकतीस वर्षांच्या आहेत.